नागपुरात पेशींवर विषचाचणी करायची आहे? पहिली प्लेट लावण्याआधी हे वाचा

एम.फार्म.चं तिसरं सेमिस्टर लागलं किंवा एम.एस्सी.च्या प्रकल्पाची वेळ आली की आपल्याकडची मुलं बहुधा दोनपैकी एक विषय घेऊन येतात. एखाद्या झाडाचा अर्क घेऊन ‘हा कर्करोगाच्या पेशी मारतो का’, नाहीतर एखादं कीटकनाशक घेऊन ‘हे पेशींचं काय करतं’. दुसऱ्या विषयाला आपल्या भागात वेगळं वजन आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना कितीतरी शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, त्यातले काही दगावले. त्यामुळे विदर्भातल्या विद्यार्थ्यासाठी विषशास्त्र हा नुसता परीक्षेचा पेपर उरलेला नाही.

विषय दोन्ही चांगले आहेत. अडचण पुढे येते. सिनिअर आपल्याला एमटीटी (रंगावरून जिवंत पेशींचा अंदाज घेणारी) चाचणी कशी करायची ते दाखवतात, पण तिचं उत्तर कधी फसवं असतं ते सहसा कुणी सांगत नाही. मग थिसिसमध्ये सुंदर आलेख येतो आणि व्हायव्हाला परीक्षकांच्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर सापडत नाही. मी या कामातून गेले आहे, आणि नव्याने येणाऱ्यांचे महिने वाया जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

१. आधी प्रश्न ठरवा, चाचणी नंतर

‘हे रसायन विषारी आहे का’ हा प्रश्न प्रयोगशाळेत चालत नाही. कोणत्या पेशींना, किती मात्रेत, किती तासांत आणि कोणत्या वाटेने इजा होते, हे चारही ठरवावं लागतं. त्यातली वाट सगळ्यात महत्त्वाची. कुठलं रसायन पेशीचं आवरण फाडतं, कुठलं मायटोकाँड्रिया बंद पाडतं, कुठलं डीएनए तोडतं. कुठलं पेशीला न मारता तिची वाढ तेवढी थांबवतं.

पॅरासिटामॉलचं उदाहरण घ्या. ते स्वतः फारसं घातक नाही. यकृतातलं सीवायपी२ई१ हे एन्झाइम त्याच्या काही भागाचं एनएपीक्यूआय नावाच्या तिखट रेणूत रूपांतर करतं. नेहमीच्या मात्रेत ग्लुटाथायोन हे पेशीतलं संरक्षक द्रव्य त्याला निकामी करतं. मात्रा अति झाली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो, मग तो रेणू मायटोकाँड्रियाच्या प्रथिनांना चिकटतो आणि यकृताच्या पेशी मरतात. एन-ॲसिटिलसिस्टीन उतारा म्हणून देतात ते हा साठा पुन्हा भरण्यासाठीच.

आता हेच पॅरासिटामॉल तुम्ही हेप-जी-२ पेशींवर घातलंत तर? या पेशी यकृताच्या कर्करोगातून आलेल्या आहेत आणि त्यांच्यात ते एन्झाइम फार कमी असतं. त्यामुळे नेहमीच्या डोसनंतर रक्तात जेवढं पॅरासिटामॉल असतं, त्याच्या कितीतरी पट म्हणजे अनेक मिलिमोलर घातलं तेव्हा कुठे पेशी मरायला लागतात. ‘हेप-जी-२ म्हणजे यकृत’ असं धरून चाललात तर निष्कर्ष चुकलाच म्हणून समजा.

कीटकनाशकांचं तर याहून अवघड. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली. त्यांचा मुख्य घाव ॲसिटिलकोलिनएस्टरेज या एन्झाइमवर, म्हणजे मज्जातंतू आणि स्नायू जिथे जोडले जातात तिथे. माणसाचा जीव घेणाऱ्या मात्रेत यकृताची पेशी प्लेटमध्ये धडधाकट दिसू शकते. म्हणून या गटावर काम असेल तर नुसती एमटीटी पुरत नाही. एसएच-एसवाय५वाय यांसारख्या, मज्जातंतूंच्या पेशींशी मिळत्याजुळत्या पेशी घ्या आणि एन्झाइमची क्रिया थेट मोजा. त्यासाठीची एलमनची पद्धत ४१२ नॅनोमीटरवर होते आणि तिला लागणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर जवळजवळ प्रत्येक फार्मसी कॉलेजात असतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. क्लोरपायरीफॉससारखं रसायन शरीरात ‘ऑक्सॉन’ रूपात बदललं की खरं जहाल होतं. पेशींमध्ये हा बदल होतच नसेल तर तुम्ही अर्धवट विष तपासता आहात.

गाइडकडे जाण्याआधी हे एका पानावर लिहून काढा. ते पान तुमच्या सिनॉप्सिसचा कणा होईल.

२. कागदपत्रं

यातली काही मिळायला वेळ लागतो, म्हणून सुरुवात इथूनच करा.

- गाइड आणि विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र. काम दुसऱ्या संस्थेत असेल तर प्राचार्यांचं पत्रही.
- सेल लाइन (प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पेशी) ज्यांच्याकडून घेतली त्यांची पावती आणि हस्तांतराचा करार.
- वनस्पतीचा अर्क असेल तर वनस्पतिशास्त्र विभागाकडून ओळख पटल्याचा दाखला आणि हर्बेरियम क्रमांक (जपून ठेवलेल्या वाळवलेल्या नमुन्याचा नोंद-क्रमांक). विद्यापीठाच्या अमरावती रोडवरच्या परिसरातल्या विभागाकडे अनेक जण जातात. जाताना फूल-फळासकट ताजी फांदी न्या; नुसत्या वाळलेल्या पानांवरून ओळख पटवणं कठीण जातं.
- प्रत्येक रसायनाचं सुरक्षा-माहितीपत्रक.
- रुग्णाचं रक्त किंवा ऊती घेणार असाल तर त्या रुग्णालयाच्या नैतिकता समितीची मंजुरी. मेडिकल असो, मेयो असो की एम्स, नमुना घेण्याआधी मंजुरी हवी. आधी नमुना आणि मग अर्ज, हे चालत नाही.
- प्राण्यांवर काही करणार असाल तर संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी. पूर्वी सीपीसीएसईए म्हणायचे ती केंद्रीय समिती आता सीसीएसईए आहे. जुन्या थिसिसमधून मजकूर उतरवलात तर जुनं नाव तसंच राहतं, आणि परीक्षक ते हमखास पकडतात.

नुसत्या विकतच्या सेल लाइनवर काम असेल तर प्राण्यांची परवानगी लागत नाही. या कामाला आता कायद्याचंही पाठबळ वाढतं आहे. २०२३ साली नवीन औषधं आणि चिकित्सा चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती झाली, आणि औषध माणसाला देण्याआधीच्या तपासण्यांमध्ये पेशींवरच्या चाचण्यांना जागा मिळाली. सिनॉप्सिसच्या प्रस्तावनेत ही ओळ जरूर लिहा.

३. जागा शोधणं

आधी स्वतःच्या कॉलेजात, मग विद्यापीठाच्या विभागांत, मग शहरातल्या संशोधन संस्थांत विचारा. सरकारी संस्थेत थेट मेल पाठवण्यापेक्षा कॉलेजचं पत्र घेऊन, आधी वेळ मागून भेटा. ‘मला सेल कल्चर शिकायचं आहे’ असं म्हणू नका. पहिल्या पायरीतलं ते पान पुढे ठेवा.

जागा मिळालीच नाही तर पैसे देऊन खासगी प्रयोगशाळेकडून चाचणी करून घेण्याची वाट उरते. त्यात गैर काही नाही, पण तिकडून एक रंगीत आलेख आणि आयसी५० (रीडिंग निम्म्यावर आणणारी मात्रा) चा एक आकडा एवढंच हातात आलं तर घेऊ नका. पैसे देण्याआधीच लेखी ठरवून घ्या: प्रत्येक वेलचं (प्लेटमधल्या खळग्याचं) कच्चं रीडिंग, प्लेटचा नकाशा, पेशींचा पॅसेज क्रमांक (त्या किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये वाटून वाढवल्या तो आकडा), मायकोप्लाझ्मा (पेशींना लागणारा जिवाणू) तपासणीचा अहवाल, सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो, आणि प्रयोग वेगवेगळ्या दिवशी किमान तीनदा केल्याची नोंद. हे द्यायला कुणी कां-कूं केली तर दुसरीकडे जा. व्हायव्हाला उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.

४. पेशी आणा, पण त्या खरंच त्याच आहेत ना ते बघा

आपल्याला सगळ्यात सोयीचं ठिकाण म्हणजे पुण्याची एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र), तिथे राष्ट्रीय पेशीसंग्रह आहे. शेजारच्या लॅबमधल्या मित्राकडून फ्लास्क मागून आणणं सोपं असतं, पण त्याबरोबर त्याचे रोगही येतात.

पहिला रोग मायकोप्लाझ्मा. याने माध्यम (पेशी ज्यात वाढतात ते द्रव) गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसत नाही, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटू शकतो. त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिन त्याचं काही करत नाही. पेशी मात्र आतून बदलतात आणि तुमचे सगळे आकडे हलतात. नवीन पेशी आल्या की पीसीआरने तपासा, अहवाल येईपर्यंत वेगळ्या ठेवा.

दुसरा रोग चुकीची ओळख. ‘चँग लिव्हर’ नावाच्या पेशी वर्षानुवर्षं यकृताच्या म्हणून वापरल्या गेल्या. प्रत्यक्षात त्या हेला आहेत, म्हणजे १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून घेतलेल्या पेशी. या पेशी वापरून अर्कांच्या यकृतरक्षक गुणांवर लिहिलेले निबंध अजूनही सापडतात. संदर्भ म्हणून घेण्याआधी सेल लाइनचं नाव आयक्लॅकच्या (चुकीची ओळख असलेल्या सेल लाइनच्या) यादीत तपासा. शक्य असेल तर एसटीआर प्रोफाइल, म्हणजे डीएनएवरून पेशींची ओळख, करून घ्या.

पेशी हातात आल्या की आधी वाढवा, दोन-चार व्हायल गोठवून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा आणि मगच प्रयोग सुरू करा. गोठवताना हळूहळू, मिनिटाला साधारण १ अंश या वेगाने. वितळवताना झटपट, ३७ अंशांच्या पाण्यात.

५. नागपूरचा उन्हाळा

परदेशी प्रोटोकॉलमध्ये हे प्रकरण नसतं, आपल्याला मात्र ते टाळता येत नाही.

साधा सीओटू इनक्युबेटर फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही. आत ३७ अंश टिकायला बाहेरची खोली त्यापेक्षा निदान पाचेक अंशांनी थंड हवी. मे महिन्यात एसी बंद पडला आणि खोली चाळिशीला गेली तर आतलं तापमान चढत जातं आणि पेशी उकडतात. इनक्युबेटरला यूपीएस असतो, एसीला नसतो. त्यामुळे लाइट गेली की खरा धोका एसीचा. रात्री सुरक्षारक्षकाकडे फोन नंबर देऊन ठेवा आणि खोलीत कमाल-किमान तापमान दाखवणारा थर्मामीटर टांगा. सकाळी आल्यावर आधी तो बघायचा, मग पेशी.

दुसरा शत्रू कूलर. नागपुरात कॉरिडॉरमध्ये कूलर लावल्याशिवाय दुपार निघत नाही हे खरं, पण ओल्या वाळ्याच्या ताट्यांवर बुरशी वाढते आणि तिचे बीजाणू हवेबरोबर सगळीकडे फिरतात. कल्चरच्या खोलीच्या दाराशी कूलर असता कामा नये. बाहेर कूलर चालू असताना दार उघडं ठेवून आत-बाहेर करणंही बंद. पावसाळ्यात बुरशीचा त्रास आणखी वाढतो, तेव्हा इनक्युबेटरच्या तळाच्या ट्रेमधलं पाणी दर आठवड्याला बदला आणि ते निर्जंतुक घ्या.

वेळापत्रक तुमच्या हातात असेल तर पेशी मागवणं आणि मुख्य प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. लिखाणाला उन्हाळा आहेच.

६. कुठल्या कॅबिनेटमध्ये बसताय?

हे छोटं आहे, पण जिवाशी गाठ आहे. आडव्या झोताचं लॅमिनार (गाळलेल्या हवेचं कॅबिनेट) हवा तुमच्या तोंडाकडे फेकतं. पेशी स्वच्छ राहतात आणि डॉक्सोरुबिसिनसारख्या कर्करोगाच्या औषधाचे कण तुमच्या नाकात जातात. कर्करोगाची औषधं, कीटकनाशकं, मानवी नमुने यांच्यासाठी क्लास टू बायोसेफ्टी कॅबिनेटच हवं. तिथे ते नसेल तर विषय बदला, पण तिथे बसू नका.

७. द्रावण बनवताना

अर्क पाण्यात विरघळत नाही, म्हणून डीएमएसओ हा द्रावक. तो स्वतःही पेशींना बाधतो. शेवटचं प्रमाण ०.१ टक्क्यावर ठेवण्याचा प्रयत्न करा, ०.५ च्या वर जाऊच नका. सोपा हिशोब: डीएमएसओमध्ये मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असा स्टॉक केला आणि माध्यमात हजारपट पातळ केला, की मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम आणि डीएमएसओ बरोबर ०.१ टक्के. कमी मात्रांच्या वेलमध्येही डीएमएसओ तेवढाच असला पाहिजे. नाहीतर कोणी काय केलं हे वेगळं काढता येत नाही.

एक सापळा खूप जणांना माहीत नसतो. सिस्प्लॅटिन हे कर्करोगाचं औषध डीएमएसओमध्ये विरघळवू नका. डीएमएसओ त्यातल्या प्लॅटिनमला जाऊन बसतो आणि औषध निकामी होतं. ते ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात करा. तुमचा ‘पॉझिटिव्ह कंट्रोल’, म्हणजे तुलनेसाठी घेतलेलं ज्ञात विष, चालत नाही असं दिसलं तर आधी हे तपासा.

माध्यमात अर्क घातल्यावर प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली बघा. बारीक कण किंवा स्फटिक दिसले तर औषध विरघळलेलं नाही, खाली बसलं आहे; मग त्या मात्रेचा आकडा लिहू नका. माध्यमाचा गुलाबी रंग एकदम पिवळा झाला तर अर्क आम्लधर्मी आहे आणि पेशी आम्लाने मरतील, अर्काच्या गुणाने नव्हे.

८. प्लेट लावणं

९६ वेलच्या प्लेटमध्ये कडेचे ३६ वेल लवकर सुकतात. त्यात नुसतं पीबीएस (क्षारांचं बफर द्रावण) भरा आणि आतले ६० वापरा.

मोजणी कशी करायची ते एकदा पूर्ण बघू. पेशी सुट्या करून थोड्या सस्पेन्शनमध्ये तेवढाच ०.४ टक्के ट्रिपॅन ब्लू घातला. निळ्या झालेल्या पेशी मेलेल्या, त्या सोडल्या. न्यूबॉअर चेंबरच्या (पेशी मोजायच्या काचपट्टीच्या) चार मोठ्या चौकोनांत जिवंत पेशी मिळून १६० आल्या, म्हणजे सरासरी ४०. गुणिले २, कारण रंगाने निम्म्या पातळ झाल्या. गुणिले १०,०००. झाल्या मिलिलिटरला ८ लाख. प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटरमध्ये ८,००० हव्या असतील, तर मिलिलिटरला ८०,००० लागतात, म्हणजे दहापट पातळ: १ मिलिलिटर पेशी, ९ मिलिलिटर माध्यम. साठ वेलना ६ मिलिलिटर पुरतं, बाकीचं हाताशी राहू द्या. भरताना दर ओळीनंतर ट्यूब हलवा, कारण पेशी तळाला बसतात आणि शेवटच्या ओळीत भलत्याच जास्त जातात.

प्लेट भरून झाली की लगेच इनक्युबेटरमध्ये ढकलू नका. पंधरा-वीस मिनिटं सपाट जागेवर तशीच राहू दिली की पेशी सगळीकडे सारख्या बसतात. मग रात्रभर चिकटू द्या, औषध दुसऱ्या दिवशी.

नकाशात हे सगळं असायलाच हवं: नुसतं माध्यम, नुसत्या पेशी, पेशी आणि डीएमएसओ, ज्ञात विष, तुमच्या मात्रा, आणि पेशी नसलेल्या वेलमध्ये तुमचा अर्क. हा शेवटचा गट बहुतेक जण गाळतात. त्याचं कारण पुढच्या पायरीत आहे.

९. एमटीटीचा दिवस

ही चाचणी १९८३ साली मोसमन यांनी मांडली. पिवळं एमटीटी जिवंत पेशी क्षपण (रिडक्शन) करून जांभळ्या फॉर्मॅझानमध्ये बदलतात. मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम असा स्टॉक पीबीएसमध्ये करा, गाळा, फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा. प्रत्येक वेलमध्ये १० मायक्रोलिटर घाला आणि तीन-चार तास थांबा. आता सूक्ष्मदर्शकाखाली बघा, कंट्रोलच्या पेशींवर सुयांसारखे गडद जांभळे स्फटिक उगवलेले दिसतील. माध्यम काढताना टिप वेलच्या भिंतीला टेकवून हलक्या हाताने काढा. प्लेट जोरात उलटी झटकली तर स्फटिकच निघून जातात आणि औषध फार ‘प्रभावी’ दिसतं. १०० मायक्रोलिटर डीएमएसओ, दहा मिनिटं हलवणं, ५७० नॅनोमीटरला रीडिंग.

आता मुख्य गोष्ट. एमटीटी पेशींचा मृत्यू मोजत नाही, त्यांची क्षपण करण्याची ताकद मोजते. म्हणून ती दोन्ही बाजूंनी फसवते. आवळा, हिरडा, संत्र्याची साल असे फिनॉलिक द्रव्यांनी भरलेले अर्क पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करू शकतात. मग मेलेली प्लेटसुद्धा जिवंत दिसते. पेशीविरहित वेल यासाठीच असतात, आणि एमटीटी घालण्याआधी अर्क धुऊन काढायचा तोही यासाठीच. उलट बाजूने, औषधाने पेशींची वाढ थांबवली पण एकही मारली नाही, तरी रीडिंग निम्म्यावर येतं आणि आपण ‘५० टक्के पेशी मेल्या’ असं लिहून मोकळे होतो.

आणखी एक. भरपूर ग्लुकोज असलेल्या माध्यमात कर्करोगाच्या पेशी ग्लायकॉलिसिसवर भागवतात, मायटोकाँड्रिया बंद पडले तरी तगून राहतात. मायटोकाँड्रियावरचं विष तपासायचं असेल तर ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज असलेलं माध्यम घ्या.

१०. दुसरी साक्ष

एका चाचणीवर निष्कर्ष काढू नका. दुसरी अशी निवडा की जी वेगळी गोष्ट मोजते. आवरण फाटलं का हे बाहेर गळलेल्या एलडीएच या पेशीतल्या एन्झाइमवरून कळतं. त्यात शंभर टक्क्यांसाठी ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटने फोडलेल्या पेशी लागतात. लायसोसोम शाबूत आहेत का हे न्यूट्रल रेड हा रंग सांगतो, आणि तो स्वस्तही आहे. मरण कसं आलं हे बघायला ॲनेक्झिन-पीआय ही चमकणाऱ्या खुणांची चाचणी, पण डॉक्सोरुबिसिन स्वतःच लाल चमकतं आणि पीआयची चमक जिथे मोजतात तिथेच येतं, हे विसरू नका. डीएनए तुटला का हे बघायला कॉमेट चाचणी. आणि दर वेळी, चाचणी कोणतीही असो, रंग घालण्याआधी पेशींचे फोटो काढून ठेवा. गोल होऊन सुटलेल्या पेशी बरंच काही सांगतात.

११. आकडे

नमुन्यातून ब्लँक (पेशी नसलेल्या वेलचं रीडिंग) वजा, कंट्रोलमधून ब्लँक वजा, भागाकार, गुणिले शंभर. इथला कंट्रोल म्हणजे डीएमएसओचा कंट्रोल.

एकाच प्लेटवरचे तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगळा दिवस, नव्याने सोडवलेल्या पेशी, नव्याने पातळ केलेलं औषध, असं तीनदा केलं की ‘एन बरोबर तीन’ लिहायचा हक्क मिळतो. मात्रा १, ३, १०, ३०, १०० अशा चढत्या ठेवा आणि आयसी५० चार घटकांच्या सिग्मॉइड (इंग्रजी एस आकाराच्या) वक्रावरून काढा, एक्सेलच्या सरळ रेषेवरून नको. सर्वांत मोठ्या मात्रेलाही निम्म्या पेशी जिवंत असतील तर ‘१०० पेक्षा जास्त’ एवढंच लिहा. रेष पुढे ओढून ३४७ लिहू नका. अर्काचा आयसी५० कित्येकशे मायक्रोग्रॅम असेल तर त्याला कर्करोगविरोधी म्हणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. निरोगी पेशींवर तेच तपासल्याशिवाय तर नाहीच.

१२. कचरा आणि निरोप

जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम २०१६ चे आहेत. दूषित प्लास्टिक लाल पिशवीत, सुया-ब्लेड पांढऱ्या, टोचून भोक न पडणाऱ्या डब्यात, काच निळ्यात, ऊती आणि रासायनिक कचरा पिवळ्यात. पेशींचं वापरलेलं माध्यम आधी हायपोक्लोराइटमध्ये ठेवा, आणि ते हायपोक्लोराइट कधीही ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, क्लोरीन सुटतो. कर्करोगाच्या औषधांचं आणि कीटकनाशकांचं द्रावण सिंकमध्ये ओतायचं नाही. लेबल लावून वेगळ्या बाटलीत, संस्थेच्या रासायनिक कचऱ्यात.

काम संपवून निघताना गोठवलेल्या व्हायलवर पेशींचं नाव, पॅसेज, तारीख न पुसणाऱ्या पेनने लिहा आणि टाकीच्या रजिस्टरमध्ये रॅक-जागेसकट नोंद करा. कच्च्या रीडिंगच्या फाइल गाइडच्या संगणकावरही ठेवा, नुसत्या तुमच्या पेनड्राइव्हवर नकोत.